सीनमागचं म्युझिक नेमकं काय करत असतं, आणि त्याचा अभ्यास करायचा कसा

पडद्यावर एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक गोल आणि दार असलेला एक चौकोन. बस्स, एवढंच. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी बनवलेली ही छोटीशी ॲनिमेशन फिल्म आहे, त्यात या आकृत्या इकडेतिकडे फिरतात, एकमेकांना धडकतात, चौकोनात घुसतात, बाहेर पळतात. चेहरा नाही, डोळे नाहीत, डायलॉग तर नाहीच नाही. तरी बघणाऱ्यांनी गोष्ट रचलीच, की मोठा त्रिकोण दादागिरी करतोय, गोल बिचारा घाबरलाय, छोटा त्याच्या मदतीला आलाय वगैरे वगैरे.

मग १९८८ मध्ये सँड्रा मार्शल आणि ॲनाबेल कोहेन या दोघींनी हीच फिल्म वेगवेगळं म्युझिक लावून लोकांना दाखवली. चित्र तेच, हालचाली त्याच, एक फ्रेमसुद्धा इकडची तिकडे नाही, आणि तरी त्या आकृत्यांच्या स्वभावाबद्दल लोकांचं मत बदललं, म्हणजे कोण किती चपळ वाटतो, कोण किती जोरकस वाटतो हे सगळं. यातली खरी इंटरेस्टिंग गोष्ट अशी की सगळ्या आकृत्यांवर सारखा परिणाम झाला नाही. म्युझिकने अख्ख्या फिल्मवर एकच रंग फासला असता तर तिघांबद्दलचं मत सारखंच सरकलं असतं ना? तसं झालं नाही.

यावरून कोहेन यांनी जे मांडलं ते मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटते. कानाला ऐकू येणारी लय आणि डोळ्यांना दिसणारी हालचाल जिथे जुळते तिकडे आपलं लक्ष आपोआप ओढलं जातं, आणि मग त्या म्युझिकबरोबर जे काही भाव, आठवणी, अर्थ चिकटून आलेले असतात ते नेमके त्याच वस्तूला किंवा माणसाला जाऊन चिकटतात. म्हणजे आधी बघायचं कुठे हे ठरतं आणि मग जे दिसतंय त्याबद्दल मानायचं काय हे ठरतं, आणि हे दोन्ही ठरून जातं तरी आपल्याला वाटत राहतं की आपण फक्त बघतोय. सिनेमा असो, सिरियल असो, गेम असो की तीस सेकंदांचं रील, म्युझिकचा अभ्यास म्हणजे ही ठरवाठरवी रंगेहाथ पकडणं.

पण मग आपल्याला ते ऐकू का येत नाही? कान तर उघडे असतात. सिनेसंगीताच्या अभ्यासक क्लॉडिया गॉर्बमन यांनी १९८७ च्या आपल्या पुस्तकात यावर नीट लिहिलंय. हॉलिवूडच्या जुन्या पद्धतीत पार्श्वसंगीत हे जाणीवपूर्वक ऐकू येऊच नये असं बांधलेलं असतं. माणूस बोलायला लागला की वाद्यं खाली जातात, बोलण्याच्या पट्टीत शिरणारी वाद्यं शक्यतो टाळतात, म्युझिक सुरू करायचं तेही दार आपटण्याच्या आवाजाखाली किंवा कुणी वळून बघितलं त्या क्षणाला, म्हणजे सुरुवात झाली हे कळतच नाही. त्यामुळे "त्या सीनला म्युझिक होतं का?" असं कुणाला विचारलं तर बरेचदा छातीठोकपणे "नव्हतं" असं उत्तर येतं, आणि परत लावून बघितलं तर चांगलं दोन मिनिटं वाजत असतं. ऐकणाऱ्याचा यात काही दोष नाही, ते तसं मुद्दामच केलेलं असतं.

एक सीन जरा जवळून बघू. हिचकॉकचा १९६० चा 'सायको', बाथरूमचा सीन सगळ्यांना माहिती आहे म्हणून तो बाजूला ठेवू, त्याच्या बराच आधीचा एक सीन घ्या. ऑफिसचे पैसे घेऊन पळालेली मॅरियन गाडी चालवतेय. अंधार पडतो, पाऊस लागतो, वायपर फिरतायत, समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे तिच्या डोळ्यांवर, आणि मधेमधे मागे राहिलेले लोक काय बोलत असतील ते आवाज तिच्या डोक्यात चाललेत. बघायला गेलं तर एक बाई स्टिअरिंगमागे बसलेली, एवढाच ऐवज. आता आवाज बंद करून बघा, थकलेली, घरी निघालेली कुणीही बाई वाटेल. आवाज चालू केला की संगीतकार बर्नार्ड हरमनचे ते तंतुवाद्यांचे तुटक, टोचणारे, परत परत येणारे स्वर सुरू होतात आणि लगेच कळतं की ही बाई अशा ठिकाणी निघालीय जिथून परत यायचं नाही. तिच्या चेहऱ्यावर हे लिहिलेलं नाहीये, ते आपल्याला व्हायोलिनांनी सांगितलेलं आहे. हरमनने हा पूर्ण स्कोर, म्हणजे सिनेमाचं सगळं पार्श्वसंगीत, फक्त तंतुवाद्यांवर लिहिला, ना बासरी, ना ट्रम्पेट, ना ड्रम, आणि ब्लॅक अँड व्हाइट चित्राला तो असला चपखल बसलाय की बस. बाथरूमच्या सीनला तर हिचकॉकला म्युझिकच नको होतं, हरमनने तरी लिहून ठेवलं, आणि ऐकल्यावर हिचकॉकने आपलं मत बदललं.

आता पहिला प्रश्न, जो कुठल्याही सीनला विचारायचाच: हे म्युझिक कोणाला ऐकू येतंय? गोष्टीतल्या माणसांना, की फक्त आपल्याला? गोष्टीतला रेडिओ, लग्नातला बँड, पात्राने हातात घेतलेली गिटार याला अभ्यासात डायजेटिक म्हणतात, आणि जे फक्त प्रेक्षकांसाठी वाजतं, म्हणजे वाळवंटात हिरो एकटा चाललाय आणि मागे ऐंशी जणांचा ऑर्केस्ट्रा, ते नॉन-डायजेटिक. शब्द जड आहेत पण काम सोपं आहे. 'शोले'मध्ये जय रात्री बसून माउथ ऑर्गन वाजवतो आणि समोरच्या हवेलीत राधा एकेक दिवा मालवत जाते. तो वाजवतोय हे आपल्याला दिसतं, तिलाही ते ऐकू येत असणार, आणि दोघांमध्ये शब्दही न बोलता जे काही चाललंय ते सगळं त्या सुरावर चाललंय. हीच धून जर नुसती मागे व्हायोलिनवर वाजली असती तर दिग्दर्शक आपल्याला येऊन सांगतोय असं झालं असतं की बघा बरं का, यांचं काहीतरी आहे. इथे तर जयच तिला सांगतोय, आणि आपण चोरून ऐकतोय. केवढा फरक पडला!

आणि मजा येते ती सीमा ओलांडली जाते तेव्हा. गाडीतल्या छोट्या स्पीकरवर गाणं किरकिरत सुरू होतं, कॅमेरा बाहेर येतो, आणि तेच गाणं एकदम भरभरून अख्ख्या थिएटरात पसरतं. आता ते कुणाचं आहे? रॉबिन स्टिलवेल यांनी २००७ मध्ये या मधल्या पट्ट्यावर एक निबंध लिहिला, त्यांचं म्हणणं असं की गोष्टीतलं आणि गोष्टीबाहेरचं यांच्यामध्ये एक अद्भुत अशी फट असते आणि बरेचदा अर्थ त्या फटीतच तयार होतो. आपल्याकडच्या गाण्यांना तर ही दोन खान्यांची पद्धत पुरतच नाही. हिरो-हिरॉईन डोंगरावर गातायत म्हणजे ते खरंच गातायत, पण वाद्यं कुठून येतायत हे त्यांनाही पडलेलं नाही आणि आपल्यालाही नाही. १९३१ च्या 'आलम आरा'मध्ये सात गाणी होती, तेव्हा वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून तिथल्या तिथे वाजवायचे, मग १९३५ च्या 'धूप छाँव'पासून हिंदीत प्लेबॅक आलं आणि चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा हे प्रेक्षकांनी इतकं सहज स्वीकारलं की त्यात काही विचित्र आहे असं आज वाटतही नाही. परदेशी पुस्तकांतली थिअरी वाचताना हे डोक्यात ठेवलेलं बरं, कारण ती बहुतेक करून अशा सिनेमांवर उभी आहे ज्यांत पात्रं गात नाहीत.

दुसरा प्रश्न मला याहूनही जास्त महत्त्वाचा वाटतो आणि तो फार कमी विचारला जातो: म्युझिक सुरू कधी झालं आणि थांबलं कधी? कसलं आहे हे सगळे बोलतात, कधी आहे हे कुणी बघत नाही. १९३३ चा 'किंग काँग' घ्या, मॅक्स स्टायनरचा हा स्कोर बोलपटांच्या इतिहासात मैलाचा दगड मानतात. टायटल्स झाल्यावर सुरुवातीचा न्यूयॉर्कमधला भाग चालतो तो म्युझिकशिवाय, नुसते डायलॉग आणि शहराचे आवाज. जहाज धुक्यात शिरतं, बेट जवळ येतं, तेव्हा कुठे ऑर्केस्ट्रा हळूच सुरू होतो. म्हणजे रोजचं जग संपलं आणि आता काहीही होऊ शकतं, ही रेघ म्युझिकच्या सुरुवातीनेच मारली. एकही माणूस तोंडाने ते बोलत नाही.

याचंच दुसरं टोक 'जॉज', १९७५. जॉन विल्यम्सची ती दोन सुरांची धून, खालच्या पट्टीत, आधी संथ मग वेगाने, शार्क दिसायच्या आधी आपल्याला शार्कची खबर देते. पण खरी हुशारी धून नसते तिथे आहे. किनाऱ्यावर गर्दी असते आणि पाण्यात पंख दिसतो, लोक किंचाळत पळतात, आणि धून वाजत नाही. का? तर ती दोन पोरांनी पुठ्ठ्याचा पंख लावून केलेली मस्करी असते. म्हणजे सिनेमाने आपल्याशी एक करार केला: धून वाजली तर शार्क खरा. आपण हा करार मनातल्या मनात मान्य करतो, त्यावर विसंबून बसतो, आणि मग पुढे बोटीवरून चीफ ब्रॉडी पाण्यात आमिष टाकत वैतागून बोलत असतो आणि शार्क धूनबिन काही न वाजता सरळ तोंड वर काढतो. अख्खं थिएटर उडतं! तो धक्का शार्कचा आहेच पण त्याहून जास्त करार मोडल्याचा आहे. एका धूनेला एखादं पात्र किंवा कल्पना बांधायची या पद्धतीला लाइटमोटिफ म्हणतात, ऑपेरात संगीतकार वॅग्नरच्या नावाशी ती जोडली गेली आणि तिथून सिनेमात आली. 'हिरोची थीम', 'व्हिलनची थीम' असं आपण म्हणतो ते हेच. पण अभ्यास करताना नुसतं "इथे थीम वाजली" असं लिहून भागत नाही, ती कुठे वाजायला हवी होती आणि वाजली नाही हे शोधायला लागतं.

शांततेचंही तसंच. 'सैराट' २०१६ चा, अजय-अतुलनी त्याचं म्युझिक हॉलिवूडच्या स्टुडिओत लाइव्ह ऑर्केस्ट्रा घेऊन रेकॉर्ड केलं, सगळा सिनेमा त्या सुरांवर तरंगत असतो, प्रेमात पडण्याचा प्रत्येक टप्पा वाद्यांनी फुगवलेला. आणि शेवटी, ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही त्यांच्यासाठी मी सगळं उलगडत नाही, पण शेवटच्या सीनला आवाजच काढून घेतलाय. तिथे एखादी करुण सनई किंवा व्हायोलिन टाकलं असतं तर रडायला मोकळीक मिळाली असती, म्युझिकने आपल्याला हाताला धरून बाहेर काढलं असतं. ते केलं नाही. आधीचं म्युझिक जितकं भरगच्च तितकी ही पोकळी मोठी लागते, म्हणून शांततेचा अभ्यास सुटा करताच येत नाही, तिच्या आधी काय वाजत होतं ते मोजावंच लागतं. हिचकॉकच्याच १९६३ च्या 'द बर्ड्स'मध्ये तर नेहमीसारखा स्कोरच नाही, पक्ष्यांचे इलेक्ट्रॉनिक वाद्यावर बनवलेले आवाज हेच म्युझिकचं काम करतात आणि त्या आवाजांसाठी सल्लागार होता तोच बर्नार्ड हरमन.

फ्रेंच अभ्यासक मिशेल शियाँ यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली, जी एकदा कळली की जिथेतिथे दिसायला लागते. काही म्युझिक पात्राच्या भावनेत सामील होतं, तो रडतोय तर तेही रडतं. आणि काही आवाज मात्र बेफिकीर असतात, समोर आकांत चाललाय आणि कोपऱ्यातल्या रेडिओवर चाललेलं मजेदार गाणं चालूच राहतं, जत्रेतला पाळणा फिरतच राहतो. 'सायको'मध्ये खून होऊन गेल्यावरही शॉवरचं पाणी तसंच पडत राहतं, शियाँ हे उदाहरण देतात. जगाला काही फरक पडला नाही हे या बेफिकिरीतून इतकं अंगावर येतं की रडकं म्युझिक त्याच्यापुढे फिकं पडावं.

इथे एक सावधगिरी. "मायनर स्केल म्हणजे दुःख, मेजर म्हणजे आनंद" असल्या सरळ समीकरणांवर फार भरवसा ठेवू नये. कितीतरी अर्थ सिनेमांनीच घडवून आपल्या कानात बसवलेत. थेरेमिन नावाचं वाद्य आहे, हात न लावता हवेत हात हलवून वाजवतात, त्याचा आवाज कुणीतरी थरथरत गातंय असा येतो. १९४५ च्या 'स्पेलबाउंड'मध्ये मिक्लोश रोझाने ते मनाचा तोल ढळतो त्या जागांना वापरलं. १९५१ मध्ये 'द डे द अर्थ स्टूड स्टिल'मध्ये हरमनने दोन थेरेमिन घेतली आणि पाहुणा होता परग्रहावरचा. पुढे थेरेमिन वाजलं की उडती तबकडी आलीच म्हणून समजा, अशी सवयच लागली. वाद्य तेच, सहा वर्षांत त्याचा अर्थ रोग्याच्या मनातून अंतराळात गेला. सुरात परग्रह कुठे असतो? तो आपण ऐकून ऐकून त्यात भरला.

आणि हे अर्थ साठवून ठेवायचा धंदाही जुनाच आहे. मूकपटांच्या काळात थिएटरात पियानोवाला किंवा ऑर्केस्ट्रा प्रत्यक्ष बसून वाजवायचा, १९०८ साली सँ-साँससारख्या मोठ्या संगीतकाराने एका फ्रेंच मूकपटासाठी खास संगीत लिहिलं होतं, पण एवढी चैन सगळ्यांना कुठली. म्हणून १९२४ मध्ये एर्नो रापे यांनी पियानोवाल्यांसाठी एक जाडजूड पुस्तक काढलं, ५२ मूड आणि प्रसंगांप्रमाणे तुकडे लावलेले, आणि पानांच्या कडेला त्या मूडची यादी छापलेली, म्हणजे पडद्यावर पाठलाग सुरू झाला की एका हाताने वाजवता वाजवता दुसऱ्या हाताने पान उलटायचं. आज व्हिडिओ एडिट करणारी पोरं लायब्ररी म्युझिकच्या साइटवर 'सस्पेन्स', 'इन्स्पायरिंग', 'क्यूट' असं सर्च मारून ट्रॅक उचलतात ना, तो हाच कारभार आहे. एवढ्या वर्षांत कपाट बदललं, खण तेच. तत्त्वज्ञ ॲडोर्नो आणि संगीतकार आइस्लर यांनी १९४७ मध्येच या तयार साच्यांवर कडक टीका केली होती आणि ती आजही बरीचशी लागू पडते.

हे सगळं बनतं कसं तेही थोडं माहिती असावं, नाहीतर आपण प्रत्येक गोष्टीला खोल अर्थ चिकटवत बसतो. सिनेमा एडिट होत आला की दिग्दर्शक आणि संगीतकार बसून पूर्ण फिल्म बघतात आणि कुठून कुठपर्यंत म्युझिक हवं ते ठरवतात, याला स्पॉटिंग म्हणतात, आणि अशा प्रत्येक तुकड्याला क्यू. त्याआधीच एडिटरने काम चालवायला दुसऱ्याच कुठल्यातरी सिनेमाचं म्युझिक तात्पुरतं लावलेलं असतं, तो टेम्प ट्रॅक. आता महिनोन्‌महिने तेच ऐकून दिग्दर्शकाचे कान त्याला इतके सरावतात की नवीन काहीही आणलं तरी "ते आधीचं बरं होतं" असं होतं, आणि बिचाऱ्या संगीतकाराला त्याच्यासारखंच वाटणारं काहीतरी लिहावं लागतं. बरेच सिनेमे एकसारखे ऐकू येतात त्याचं एक मोठं कारण हे आहे. सगळ्यात गाजलेला किस्सा १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी'चा, दिग्दर्शक कुब्रिकने संगीतकार ॲलेक्स नॉर्थकडून स्कोर लिहून घेतला, रेकॉर्डही झाला आणि मग सगळा बाजूला ठेवून आधीपासून असलेल्या शास्त्रीय रचनाच वापरल्या. नॉर्थला हे कळलं ते सिनेमा बघायला बसल्यावर.

आणि मोजमाप असतं ते पार फ्रेममध्ये. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सने चालतो, म्युझिक मिनिटाला १२० ठोक्यांचं असेल तर दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका, म्हणजे बरोबर १२ फ्रेम्स. वादकांच्या कानात क्लिक ट्रॅक टिकटिकत असतो म्हणून तलवार आदळते आणि झांज वाजते ते एकाच क्षणी होतं. प्रत्येक हालचालीवर असा ठोका बसवत सुटलं की त्याला मिकी माउसिंग म्हणतात, कार्टूनला छान वाटतं, गंभीर सीनला हसू आणतं.

टीव्हीचं गणित वेगळं. थिएटरात आपण अंधारात खुर्चीला खिळलेलो, टीव्हीसमोर मात्र माणूस उठतो बसतो, फोन घेतो, दुसऱ्या खोलीत जातो. अभ्यासक रिक ऑल्टमन यांनी १९८६ च्या एका लेखात म्हटलंय की टीव्हीचा आवाज हा प्रामुख्याने न बघणाऱ्यासाठी असतो, त्याला परत बोलावण्यासाठी. टायटल ट्रॅक दुसऱ्या खोलीतून ऐकू आला की पावलं आपोआप वळतात, हे त्याचं कामच. डेली सोपमध्ये एका वाक्यावर तीन चेहरे तीन वेळा आणि प्रत्येकावर तो धडाम आवाज येतो, त्याला स्टिंगर म्हणतात, लोक त्यावर हसतात पण जरा विचार करा, जो पाठमोरा आहे त्याला काहीतरी मोठं घडलं हे त्या आवाजानेच कळतं. रिॲलिटी शोमध्ये तर मला याची काळजी वाटते. निकाल सांगायच्या आधी ताणलेला तो गुरगुरता सूर, कोणा स्पर्धकाच्या साध्या बघण्यावर टाकलेला खुनशी आवाज, यातून खऱ्या माणसाबद्दल आपलं मत बनतं, आणि ते माणूस शो संपल्यावर त्या मतासकट घरी जातं. काल्पनिक पात्राला व्हिलनची थीम देणं वेगळं आणि जिवंत माणसाला देणं वेगळं. न्यूज चॅनेलवर आरोपीच्या फोटोमागे ढोल बडवतात तिथेही हेच.

स्ट्रीमिंग आल्यावर टायटल ट्रॅकचं बळच काढून घेतलं गेलं, नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये 'स्किप इंट्रो'चं बटण आणलं. एकामागोमाग एक पाच भाग बघणाऱ्याला दीड मिनिटांची धून पाच वेळा नकोशी होते हे खरं, पण त्यामुळे काही सिरीज सुरुवात पाच-सात सेकंदांवर उरकतात आणि ओळख पटवायचं काम त्या प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या दोन ठोक्यांवर येऊन पडतं.

गेम्समध्ये मात्र सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर प्रश्न येतो: पुढे काय आणि कधी होणार हेच माहिती नसताना म्युझिक लिहायचं कसं? खेळणारा दारापाशी दहा सेकंद उभा राहील की दहा मिनिटं, कोण सांगणार. १९७८ च्या 'स्पेस इनव्हेडर्स'मध्ये फक्त चार उतरते सूर फिरत राहतात, पण एलियन जसे वेगाने सरकायला लागतात तसे ते सूरही वेग घेतात, आणि हात घामेजतात. १९९१ मध्ये लुकासआर्ट्सच्या 'मंकी आयलंड २'मध्ये आयम्यूझ नावाची सिस्टिम आली, गावातल्या एका दुकानातून दुसरीकडे गेलात की धून न तुटता नवीन वाद्यावर सरकते. आज दोन रस्ते जास्त वापरतात. एकात एकच रचना थरांमध्ये रेकॉर्ड करतात, शांत असताना नुसता पियानो, शत्रू जवळ आला की त्यावर ड्रम, लढाई लागली की सगळा ऑर्केस्ट्रा, आणि सगळे थर एकाच लयीत चालू असतात, फक्त आवाज कमीजास्त होतो. दुसऱ्यात छोटे तुकडे करून ठेवतात आणि गेम परिस्थिती बघून ते पुढेमागे जोडत जातो. इथे स्कोर म्हणजे एक ठरलेली रचना राहत नाही, शक्यतांचा संच होतो, आणि अभ्यास करायला गेमच खेळावा लागतो, नुसतं साउंडट्रॅक ऐकून काही हाती लागत नाही.

रील्सनी तर क्रमच उलटा केला. सिनेमात चित्र आधी आणि म्युझिक नंतर, रीलमध्ये बऱ्याच वेळा ऑडिओ आधीच ठरलेला असतो आणि माणूस त्याला साजेसं चित्र शोधायला निघतो. ऑडिओच्या नावावर टॅप केलं की त्याच तुकड्यावर बनलेले सगळे व्हिडिओ समोर येतात, म्हणजे तो पंधरा सेकंदांचा तुकडा हाच धागा आणि व्हिडिओ त्यावर ओवलेले मणी. ठोका पडला की कपडे बदलणार, किंवा आधीचा-नंतरचा फोटो येणार, हे आपल्याला पाठ झालेलं असतं, त्यामुळे 'जॉज'चा तो करार इथे कोट्यवधी अनोळखी लोक मिळून पाळतात आणि कधीतरी कुणीतरी तो मोडतो म्हणून तो व्हिडिओ चालतो. आणि एक विसरू नये, कितीतरी लोक हे सगळं आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून कॅप्शन्समध्ये "टेन्स म्युझिक" असं लिहिलेलं असतं. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकाला तर म्युझिक म्हणजे तेवढे दोन शब्दच, ते कोण आणि कसे निवडतं यावर कुणीतरी मराठीत नीट काम करायला हवं असं मला फार वाटतं.

हक्कांचा मुद्दा थोडक्यात. तयार गाणं व्हिडिओत वापरायचं तर दोन परवानग्या लागतात, एक रचनेची, चित्राला जोडण्यासाठी, तिला सिंक म्हणतात, आणि दुसरी त्या ठराविक रेकॉर्डिंगची. म्हणून काही वेळा ओरिजनल ऐवजी कुणीतरी नव्याने गायलेलं व्हर्जन ऐकू येतं. यूट्यूबवर २००७ पासून कंटेंट आयडी नावाची यंत्रणा ऑडिओ ओळखून दावा लावते. कुठलं म्युझिक का लागलं याचं उत्तर काही वेळा कलेत नसतं, कागदपत्रांत असतं.

आता प्रत्यक्ष करायचं काय. पूर्ण सिनेमा घेऊ नका, तीन ते पाच मिनिटांचा एकच सीन घ्या. शियाँ विद्यार्थ्यांकडून जे करून घ्यायचे तेच करा: आधी आवाज बंद करून बघा, मग स्क्रीन झाकून नुसतं ऐका, मग दोन्ही एकत्र. आवाज बंद असताना जे जे दिसलं ते लिहून ठेवा, कारण नंतर ते आठवत नाही, म्युझिक ते पुसून टाकतं. मग जबरदस्तीचं लग्न लावा, म्हणजे त्याच सीनला अगदीच वेगळे तीन-चार ट्रॅक लावून बघा. कुठल्याही ट्रॅकला काही जागा योगायोगाने चपखल बसतील, दार बरोबर ठोक्यावर उघडेल, आणि तेव्हा कळेल की आपला मेंदू जुळणी करायला किती उतावळा असतो.

नोंद ठेवताना वेळ लिहा, क्यू कितव्या सेकंदाला सुरू, कितव्याला बंद, त्या क्षणी पडद्यावर काय, कुठल्या आवाजाखालून आत शिरला, पात्रांना ऐकू येतोय का. "दुःखी म्युझिक" असं लिहायचं नाही, ते तुमचं मत झालं, "एकटा चेलो, संथ, खालचे सूर, मधे मोठ्या जागा" असं लिहा. वाद्य ओळखू आलं नाही तर "घासून वाजवतात ते", "फुंकून वाजवतात ते" एवढं लिहिलं तरी चालतं, स्वरलिपी येत नाही म्हणून हा अभ्यास करता येत नाही हा गैरसमज आहे. मग शेवटी एकाच क्यूवर बोट ठेवा आणि स्वतःला विचारा की हा दहा सेकंद उशिरा सुरू झाला असता तर मी या माणसाबद्दल काय समजलो असतो. एडिटिंगचं कुठलंही फुकट ॲप घेऊन तो खरंच दहा सेकंद पुढे ढकलून बघा, आणि ज्यांनी सीन आधी बघितलेला नाही अशा दोन-चार जणांना एकेक व्हर्जन दाखवून सीनमध्ये काय घडलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला सांगा. म्युझिकबद्दल त्यांना काहीच विचारू नका.